तुडवलेल्या बर्फावरची रुंद फळी



बर्फ म्हटला की आपल्या कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे उसाच्या रसात पडणारा बर्फ येतो, फार तर रंकाळ्यावरचा रंगीत गोळा येतो. त्या बर्फाचा आणि आपला संबंध जिभेपुरता. आज मला ज्या बर्फाविषयी बोलावयाचे आहे, त्याचा संबंध पायाशी आहे. आणि भर उन्हाळ्यात हा विषय निवडल्याबद्दल आपण मला दोष देणार नाही अशी आशा आहे. निदान ऐकता ऐकता थोडा गारवा तरी वाटेल!

आपण विचाराल, पंचगंगेच्या काठच्या माणसांना बर्फावरून घसरण्याच्या फळ्यांशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. आपल्या जिल्ह्यातील गावोगावचे तरुण सैन्यात आहेत, आणि सैन्य म्हटले की कधी ना कधी हिमालय आला. काश्मीरचे युद्ध चालू असताना, १९४८ साली, जनरल थिमय्या यांच्या १९ व्या डिव्हिजनने गुलमर्गला स्की शिकवणारी शाळा काढली. तीच पुढे उंचावरील युद्धतंत्राची मोठी संस्था झाली. दुसरे असे की, आता महाराष्ट्रातून हिवाळ्यात गुलमर्गला आणि औलीला जाणारी मंडळी कमी नाहीत. आणि तिसरे म्हणजे, बर्फाच्या देशातील माणसे आपल्या अंगणात राहून गेली आहेत. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या वसाहतीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यानंतर १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथमच लागले, तेव्हा स्की बांधून आपल्या वतीने उतरलेले एकमेव खेळाडू जेरेमी बुजाकोव्स्की हेही पोलिश वंशाचेच होते. गुलमर्गच्या परिसरातील आरिफ खान यांनी तर २०२२ साली बीजिंगला भारताचे प्रतिनिधित्व केले. तेव्हा विषय परका असला तरी अगदी परक्याचा नाही.

प्रथम स्की म्हणजे काय ते पाहू. पायातील ताठ बुटाला अडकवायची ती एक लांब, लवचिक, पुढून वर वळलेली फळी. तिची दोन कामे: एक घसरणे, दुसरे न रुतणे. आज मी मुख्यतः या दुसऱ्या कामाविषयी बोलणार आहे.

न रुतण्याचे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. भाताच्या खाचरात चिखलणी करताना नांगराचा फाळ खाली जातो, पण वरून फिरवलेली फळी चिखलावर तरंगते. लोखंडी धावेची जुनी बैलगाडी ओल्या वाटेत तुंब्यापर्यंत रुतून बसे; त्याच वाटेवरून रबरी टायरची गाडी टनावारी ऊस घेऊन कारखान्याकडे निघून जाते. ओझे तेच किंवा अधिकच. फरक इतकाच की ते अधिक जागेवर वाटले गेले. बर्फावरही हाच न्याय. बूट आणि कपडे धरून ८० किलो वजनाचा माणूस दोन पायांवर उभा राहिला, तर त्याच्या तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० ग्रॅम भार पडतो आणि तो ताज्या बर्फात मांडीपर्यंत जातो. त्याच्या पायांना मध्यभागी ७० मिलिमीटर रुंदीच्या फळ्या बांधल्या की हा भार २८ ग्रॅमच्या आसपास उतरतो. रुंदी १०० मिलिमीटर केली की तो सुमारे २० ग्रॅम होतो. बोटभर जागा वाढली आणि जवळजवळ तीस टक्के भार हलका झाला!

मग प्रश्न संपला, असे आपणांस वाटेल. रुंद फळी घ्यावी आणि मोकळे व्हावे! पण बर्फ एका जातीचा नसतो, येथेच खरी गोम आहे.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणारा पाळणा दोन टप्प्यांनी अफरवतच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली व दुसरा २००५ साली सुरू झाला. रात्री बर्फ पडला की सकाळी तो उतार पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. छायाचित्रांत आपण पाहतो तो हाच बर्फ. परंतु ही शोभा फार वेळ टिकत नाही. पहिल्या पाळण्याने वर गेलेली मंडळी खाली उतरतात, मागून दुसरी येतात, तिसरी येतात. दुपारपर्यंत त्याच उताराची दशा आषाढातल्या गाडीवाटेसारखी होते. इथे गुडघाभर मऊ ढीग, तिथे दोन हात खरडून उघडी पडलेली कठीण जमीन, मध्ये चाकोऱ्या, त्यांवर उन्हाने किंवा वाऱ्याने धरलेली पापडी. बर्फ अजून मऊच आहे, पण तो तुडवलेला आहे. माणसाचा दिवस बहुतांशी जातो तो या बर्फावर. सकाळचा कापूस एका तासाचा. दुपारचे तुडवण पाच तासांचे.

या तुडवणात काय घडते? कठीण जागेवर फळी सपाट्याने धावते आणि पुढच्याच क्षणी ढिगात शिरते. ढीग तिला अडवतो, अंग मात्र आपल्या वेगाने पुढे जाते. फळी अरुंद असेल तर तिचे टोक ढिगाखाली बुडते, आणि स्वार डोक्यावर! फळी रुंद असेल तर ती ढिगावर चढते आणि ओलांडून जाते. येथवर रुंदीचाच जय आहे. पण रुंद फळी फार हलकी आणि लिबलिबीत असली, तर प्रत्येक ढीग तिला धक्का देऊन भलतीकडे वळवतो; उजवी फळी एकीकडे, डावी दुसरीकडे. आपल्या खासबागेच्या मैदानात बसणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. ज्याचे अंग भरलेले आहे आणि पाय रोवलेले आहेत, तो पैलवान धक्का पचवतो. नुसत्या रुंद छातीचा, पण पोकळ गडी पहिल्याच हिसक्याला हलतो. म्हणून तुडवलेल्या बर्फासाठी रुंदीच्या जोडीला थोडे वजन आणि पायाखालचा ताठपणा लागतो. फळीची टोके मात्र मऊ आणि लांबवर वर उचललेली असावीत, म्हणजे ती ढिगाला टक्कर न देता त्याच्यावर चढतात.

ही रुंदी काही आजकालच्या कारखानदारांची टूम आहे असे समजू नका. स्वीडनमध्ये काल्वत्रेस्क गावाजवळ १९२४ साली दलदलीत एक स्की सापडली. ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, दोन मीटर लांब आणि जवळजवळ पंधरा सेंटिमीटर रुंद आहे. त्या शिकाऱ्याला शर्यत जिंकायची नव्हती. मऊ बर्फातून सावजामागे जाऊन घरी परतायचे होते. पुढे स्की हा खेळ झाला, उतार यंत्रांनी दाबून सडकेसारखे केले जाऊ लागले, आणि सडकेवर चपळ वळावे म्हणून फळी अरुंद झाली. १९८८ साली ऑस्ट्रियातील अ‍ॅटॉमिक कंपनीने पुन्हा एक रुंद फळी बाजारात आणली. प्रथम लोक तिला हसले. तरबेज माणसाला असल्या कुबड्या कशाला, असा त्यांचा आविर्भाव होता. १९९३ साली स्लोव्हेनियातील एलान कंपनीने कमरेत बारीक अशी फळी काढली. तिने वळण घेणे सोपे केले. आणि २००२ साली शेन मॅकॉन्की या अमेरिकेत नावाजलेल्या स्कीपटूच्या कल्पनेतून स्पॅच्युला नावाची फळी आली. पाण्यावरच्या स्कीकडे पाहून त्याला ती सुचली होती. मधोमध सर्वांत रुंद आणि दोन्ही टोके वर उचललेली ही फळी खोल, ताज्या बर्फावर होडीसारखी तरंगे. पण कठीण बर्फावर तिचा धीर सुटे. आजची सर्वगुणी फळी या सगळ्यांची नात आहे. तिने एकीकडून रुंदी घेतली, दुसरीकडून कंबर घेतली, तिसरीकडून वर उचललेले टोक घेतले आणि पायाखाली मात्र जुनी, बर्फाला घट्ट धरणारी कमान ठेवली.

आता रुंदीची किंमतही सांगितली पाहिजे. कठीण बर्फावर वळायचे म्हणजे फळी तिच्या कडेवर उभी करायची. फळी जितकी रुंद, तितकी कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर. आणि जितकी दूर, तितका गुडघ्यावर पीळ अधिक. ११५ किंवा १२० मिलिमीटरची फळी खोल बर्फात राजा असते, पण दाबलेल्या उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेताना ती मालकाला दमवते. उलट ७५ मिलिमीटरची फळी सडकेवर नाचते आणि ढिगात बुडते. म्हणून ज्याला एकच जोड घ्यायचा आहे, त्याने साधारण ९५ ते १०५ मिलिमीटरच्या मध्ये राहावे. वजनाने हलक्या माणसाने, मग ती स्त्री असो वा किशोर, ९० च्या आसपास थांबले तरी चालते, कारण त्याला तरंगायला जागाच कमी लागते. नवशिक्याने मात्र याहून अरुंद फळीवर आधी दाबलेल्या उतारावर वळायला आणि थांबायला शिकावे. तुडवलेला बर्फ ही दुसरी इयत्ता आहे.

दुकानात गेल्यावर, विकत घ्या की भाड्याने, फळीवरचे चित्र पाहू नका. तिच्यावर छापलेले आकडे वाचा. तेथे १३२-१००-१२० असे तीन आकडे असतात: पुढच्या टोकाची, कमरेची आणि मागच्या टोकाची रुंदी. मधला आकडा हा आपला. जवळच वळणाची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. १७ ते २० ही मध्यम. लांबी कपाळापासून डोक्याच्या वर चार बोटे इतपत. एकेक फळी सुमारे दोन किलो भरली तर तुडवणासाठी ते वजन ओझे समजू नये. फळी दोन्ही हातांनी वाकवून पाहा: टोक लवले पाहिजे, मध्य लवता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बूट अडकवण्याची जोडणी. पडल्यावर ती सुटली पाहिजे आणि धावताना सुटता कामा नये. तिचा आकडा आपले वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून जाणकाराकडूनच लावून घ्यावा. तेथे ऐट करून कौशल्य वाढवून सांगणारा आपल्याच गुडघ्याशी खोटे बोलतो.

येथपर्यंत मी रुंदीचे गुण गायले. आता तिच्या एका अवगुणाविषयी सांगून संपवतो, आणि आजच्या बोलण्यातले आपण एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रुंद फळी माणसाला धीट करते. अरुंद फळीवर जो राखलेला उतार सोडायला भीत असे, तो रुंद फळीवर सहज बाहेर पडतो. कारण ती त्याला रुतू देत नाही. पण ती फक्त त्याला तरंगवते. त्याच्याखालचा बर्फ डोंगराला धरून आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. हिमलोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि मऊ बर्फाचे मोहक उतार नेमके तेवढेच असतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमलोटाने सतरा जवानांचा बळी घेतला. ते तर शिक्षण घेणारे, शिस्तीतले लोक होते. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन. ही माणसे बर्फाच्या देशांतली होती. म्हणून राखलेल्या उताराबाहेर जाणाऱ्याने स्थानिक वाटाड्या घ्यावा. अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडे आणि शोधकाठी असावी. आणि ही तिन्ही साधने सोबत्याजवळही असावीत, कारण गाडलेल्या माणसाला स्वतःचे फावडे उपयोगी पडत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे गेली की आशा वेगाने कमी होते. वाटाडा नको म्हणाला, तर ज्या पाळण्याने वर गेलो त्याच पाळण्याने खाली यावे. त्यात कमीपणा नाही.

तात्पर्य काय? हत्यार निवडताना माणूस नेहमी सर्वांत सुंदर दिवस डोळ्यांपुढे आणतो. शहाण्याने नेहमीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळच्या एका तासासाठी १२० ची फळी घेऊ नये, दाबलेल्या सडकेसाठी ७० ची घेऊ नये. दुपारच्या तुडवणासाठी शंभराच्या आसपासची, थोडी भारदस्त, टोकाला मऊ आणि मध्ये खंबीर अशी घ्यावी. ती कापसावर तरंगेल, ढीग ओलांडील, आणि संध्याकाळी कठीण वाटेवरून आपल्याला मुक्कामी आणील. आपल्या घरातला कुणी मुलगा वा मुलगी यंदा बर्फाकडे निघाली, तर त्यांना स्वेटर जरूर द्या. पण फळीवरचा मधला आकडा वाचायला, आणि वाटाड्याचा शब्द मानायलाही सांगा.