आभाळातली धोंड, उंबऱ्यातली धोंड



आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला, फार पूर्वी आभाळातून एक धोंड कोसळली. काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. आज तिथे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. काठावर उभे राहिले की मनात येते, अशी धोंड पुन्हा आली तर?

डॉ. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही विज्ञानकथा याच भीतीची आहे. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि जगभरच्या विज्ञानकथेवर काजळी धरली. नारळीकरांनी मात्र त्याच अणुशक्तीला पृथ्वीकडे झेपावणारा धूमकेतू वळवण्याच्या कामी जुंपले. पुढे सप्टेंबर २०२२मध्ये 'नासा'चे 'डार्ट' यान डायमॉर्फस या चिमुकल्या लघुग्रहावर आदळले. अणुस्फोट न करता, नुसत्या धडकेने, त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. कथेतली आशा काही अंशी खरी झाली.

पण नारळीकरांनीच 'पुत्रवती भव' ही कथाही लिहिली. हवा तेव्हा मुलगाच होण्याची सोय विज्ञानाने केली तर समाजाचे काय होईल, हा तिचा प्रश्न. त्यासाठी त्यांना परग्रहावर जावे लागले नाही. सत्तरच्या दशकात गर्भजलपरीक्षा आपल्याकडे आली ती बाळातले दोष शोधायला. आपण तिला मुलगी शोधायला लावले. महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली. तरीही २०११च्या जनगणनेत, जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे त्या आमच्या बुलडाण्यात, सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८५५. दहा वर्षांपूर्वी त्या ९०८ होत्या. कथेतला काळोखही खरा झाला.

माझी धाकटी मुलगी जन्मली त्या दिवशीची गोष्ट. मी तिच्या कानात अजान दिली. बाहेर आलो तर नात्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "दुसरीही धोंडच पडली की गळ्यात!" मी कवी, पण त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. गप्प राहिलो. ते गप्प राहणे आजही सलते.

विज्ञानकथा भविष्य सांगत नाही. आज काय चालले आहे, ते पुढे नेऊन दाखवते. आभाळातली धोंड लांबून दिसते, म्हणून ती वळवण्याचा विचार करता येतो. उंबऱ्यातली धोंड म्हणजे मुलगी नव्हे, मुलीला धोंड म्हणणारे आपले मन. ते वळवायला यान लागत नाही. वेळेवर तोंड उघडावे लागते.

'डार्ट'ची बातमी आली तेव्हा मी बी.ए.वाला गोंधळलो होतो. धडकेने प्रदक्षिणा कशी घटते, हे मला कागदावर वर्तुळे काढून समजावले ते त्याच धाकटीने.