सागरातील बियाणे : मत्स्यधनाचे जतन आणि किनाऱ्याची जबाबदारी



शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पेरणीसाठी राखलेले बियाणे तो सहसा खर्ची घालीत नाही. पुढील हंगामाची सारी भिस्त त्या थोड्याशा दाण्यांवर असते, हे त्याला पूर्वापार ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींचा मार्ग त्यामुळे मच्छीमारांसाठीही खुला झाला. या स्वागतार्ह निर्णयाबरोबर एक प्रश्न मात्र ओघानेच पुढे येतो. शेतातील बियाणे शेतकरी राखतो. समुद्रातील बियाणे कोणी राखावयाचे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख ९५ हजार टन सागरी मासळी उतरली होती. पुढच्याच वर्षी हा आकडा २ लाख १ हजार टनांवर आला. पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळे झाली व मासेमारीचे दिवस घटले, हे खरेच. तथापि सारा दोष वादळांवर टाकून चालणार नाही. पापलेटसारखी मोलाची मासळी दुर्मिळ होत चालली आहे, ही सातपाटीपासून मालवणपर्यंतच्या मच्छीमारांची तक्रार त्या वादळांच्या कितीतरी आधीची आहे.

लहान मासळीचे मोठे नुकसान

मासळी कमी होण्याची कारणे अनेक आहेत. खाड्यांत मिसळणारे सांडपाणी, खारफुटीची तोड, समुद्राचे वाढते तापमान ही त्यांपैकी काही होत. खारफुटीच्या मुळांच्या आश्रयाने कोळंबीची व अनेक माशांची पिले वाढतात. ती झाडे गेली की समुद्राचे बालसंगोपन गृहच नाहीसे होते. परंतु ज्या कारणावर मनुष्याचा तत्काळ ताबा चालू शकतो ते म्हणजे अपरिपक्व मासळीची पकड.

मासा एकदा तरी अंडी घालण्याइतका वाढला, तरच त्याची जागा घेणारी पिढी निर्माण होते. त्याआधीच तो जाळ्यात सापडला तर दुहेरी हानी होते. आज हाती आलेल्या पिलाला कवडीमोल भाव मिळतो. बरेचदा ते कुटीच्या कारखान्याकडे जाते. आणि उद्या जो पूर्ण वाढलेला मासा बाजारात चांगली किंमत मिळवून देणार होता, तो त्याच्या संततीसह कायमचा जातो.

याचे उत्तर पुष्कळसे जाळ्याच्या आसात आहे. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळीच्या आकाराचा असतो. जाळे ओढताना ताण बसला की हा आस मिटतो आणि लहान मासळीला निसटण्याची वाट राहत नाही. आस चौकोनी असेल तर तो ओढतानाही उघडा राहतो. म्हणूनच ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे खोल्याला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा असे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. एवढ्या साध्या बदलाने पिले पाण्यातच राहतात.

कायद्याची वाटचाल

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या जलधिक्षेत्रातील मासेमारीचे नियमन त्यान्वये होते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. पर्ससीन जाळ्यांसंबंधी ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला, आस २५ मिलिमीटरहून लहान नसावा असे ठरविले आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे धोरण स्वीकारले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षित करून पकडण्यास केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या अधिनियमात सुधारणा होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या, आणि प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून देण्यात आली. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून गौरविलेल्या रुपेरी पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभराहूनही कमी आहे.

यावरून दिसून येईल की नियमांची उणीव आता फारशी राहिलेली नाही. उणीव आहे ती नियम सर्वांना सारखे लागू होतात, या विश्वासाची.

विश्वासाचा प्रश्न

सिंधुदुर्गातील रापणकरी मच्छीमार गावातील अनेक कुटुंबे मिळून किनाऱ्यावरून जाळे ओढतात आणि आलेली मासळी ठरलेल्या वाट्याने वाटून घेतात. जवळच्या पाण्यातील मासळी पर्ससीनच्या एकाच घेऱ्यात उचलली गेली, तर रापणीच्या वाट्याला रिकामे जाळे येते. मालवणच्या किनाऱ्यावर याच कारणावरून वेळोवेळी तीव्र संघर्ष झाले आहेत. नियम पाळणाऱ्याने हात आवरावा आणि मोडणाऱ्याने जाळे भरावे, असे एकदा घडले तर दुसऱ्या हंगामात नियम पाळणारा शोधावा लागतो. म्हणून गस्ती नौका व जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ड्रोनची टेहळणी यांचे महत्त्व केवळ दंड वसुलीपुरते नाही. संयम पाळणाऱ्याला त्याचा संयम वाया जात नाही, ही खात्री त्यातून मिळावयास हवी.

उशीर झाला तर काय होते, याचा धडा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने जगाला दिला आहे. तेथील कॉड मासळी शतकानुशतके प्रसिद्ध होती. मोठ्या नौका वाढल्या, पकड वाढली, आणि साठा खचल्याच्या खुणांकडे वेळेवर लक्ष दिले गेले नाही. अखेर १९९२ मध्ये कॉडची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार लोकांची उपजीविका गेली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठण्यास २०२४ साल उजाडले. एक संपूर्ण पिढी त्या प्रतीक्षेत गेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती पाळी येऊ द्यावयाची नसेल, तर थोडा संयम आजच पाळणे स्वस्त पडेल.

कोणी काय करावे

या कार्यात प्रत्येकाचा वाटा आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांनी बंदरावर उतरणाऱ्या मासळीची व जाळ्याच्या आसाची तपासणी नियमितपणे, लहानमोठा भेद न करता केली पाहिजे. ग्रामपंचायतींनी मच्छीमार सहकारी संस्थांना सोबत घेऊन किमान लांबीचे तक्ते बंदरावर व मासळी बाजारात, कोळी भगिनींच्याही नजरेस पडतील असे लावावेत. मासळीचा व्यवहार प्रामुख्याने त्यांच्या हाती असतो. लहान पापलेट नाकारण्याची ताकद त्यांच्याइतकी कोणाजवळही नाही. गावालगतची खारफुटी राखणे हेही पंचायतींना सहज शक्य आहे. शिक्षकांनी मुलांच्या हाती मोजपट्टी देऊन मासळी मोजण्याचा पाठ घेतला, तर तो घरोघरी पोचेल.

संयमाची झळ ज्यांना बसते, त्यांच्या पाठीशी शासन व समाज उभा राहिला पाहिजे. याचे एक चांगले उदाहरण राज्यातच आहे. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. जीव वाचविणाऱ्याचे नुकसान होऊ नये, हे तिचे तत्त्व आहे. मोठ्या आसाची जाळी घेणाऱ्या लहान मच्छीमारांनाही याच तत्त्वाने साहाय्य मिळावयास हवे.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या, सुके बोंबील व सुकट यांवर दिवस काढावयाचे आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून मगच जाळे पाण्यात टाकावयाचे, ही कोळी समाजाची जुनी रीत आहे. त्या काळात अनेक जातींची मासळी अंडी घालते. आजच्या शास्त्राने व कायद्याने सांगितलेली गोष्ट या रीतीहून फारशी वेगळी नाही. फक्त आता ती एका समाजापुरती न राहता समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक नौकेने आणि मासळी घेणाऱ्या प्रत्येक घराने पाळावयाची आहे.