खुब्याची राखण

म्हातारा माणूस कुशीवर पडला, की खुब्याचं हाड मोडायची धास्ती असते. त्यासाठी एक चड्डी मिळते. दोन्ही बाजूंना, बरोबर खुब्यावर, गादी बसवलेली. पडल्याचा मार ती हाडावर एकवटू देत नाही.

डेन्मार्कच्या वृद्धाश्रमातला अभ्यास १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. चड्डी दिलेल्या गटात खुबा मोडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. तरी आठ जणांचा खुबा मोडलाच. पण पडताना त्यांच्यापैकी एकाच्याही अंगावर ती नव्हती! नियमित वापरणारे होते जेमतेम चौथा हिस्सा.

खरी अडचण हीच. गरम होतं, काचतं, रात्री लघवीला जाताना लवकर उतरत नाही. आपल्या वरूडला तर मे महिन्यात पारा ४४ च्या घरात. त्यात नऊवारीखाली ती घालायची कशी? शिवाय संकोच. ‘मले काय झालं? मी का पडते का?’ असं आजी म्हणणारच. तिच्यावर जबरदस्ती नको. वृद्धाश्रमातल्या सेविकेनं रोज प्रेमानं आठवण करावी, नीट बसणारं माप शोधून द्यावं.

घरी राहणाऱ्यांना मात्र या चड्डीचा तसा फायदा दिसलेला नाही. म्हणून घरी आजी-आजोबा असतील, तर मोरीतलं शेवाळ आजच घासून काढा आणि रात्री वाटेवरचा दिवा चालू ठेवा.