घरी आलात म्हणून ऑफिसचं आयकार्ड फाडू नका

पनवेलहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येतोय, सांभाळून घ्या.

मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बऱ्याच जणांचे ऑफिसचे लॅपटॉप घरी आले आणि काहींचे अजून ये-जा करतायत. त्यातलाच एक माझा. मी बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, तरी या विषयात सणसणीत आपटलोय. आधी तो किस्सा.

रविवारची रात्र. बाबांना बँकेचा फॉर्म छापून हवा होता. प्रिंटर त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला, माझ्या लॅपटॉपला तो दिसेना. फॉर्म त्यांना मेल केला असता तर काम झालं असतं. पण आपण पडलो इंजिनियर! म्हटलं, घरी वर्कग्रुप आहे, लॅपटॉप डोमेनमध्ये आहे. बदलून टाकू, उद्या परत बदलू. विंडोजने बजावलं, 'लोकल ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माहीत आहे ना?' मी न वाचता ओके दाबलं. रीस्टार्ट. ऑफिसचं लॉगिन चालेना आणि लोकल पासवर्ड फक्त आयटीवाल्यांकडे. सोमवारी दहाचा डेमो, त्याची फाइल आतच अडकलेली.

पहाटेची ठाणे लोकल पकडून घणसोलीला गेलो. आयटीतल्या मुलाने लॅपटॉप पुन्हा डोमेनमध्ये घेतला. डेस्कटॉप, फायली जशाच्या तशा परत आल्या. डेमो वाचला. बाबांनी फॉर्म स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता चूक काय झाली ते बघा. डोमेन म्हणजे ऑफिसचं आयकार्ड. तुम्ही कोण, हे ऑफिसचा सर्व्हर ठरवतो. वर्कग्रुपमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर आपापली यादी ठेवतो. आणि वायफाय म्हणजे नुसता रस्ता. पनवेलला उतरलं की आपण आयकार्ड फाडत नाही, खिशात ठेवतो. लॅपटॉपचंही तसंच. डोमेन बदलायची गरजच नसते.

मग घरी लॉगिन कसं होतं? सर्व्हर समोर नसला तरी विंडोज आधीच्या लॉगिनची खूण जपून ठेवतं; मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १० जणांची. म्हणून नवा लॅपटॉप मिळाला की घरी नेण्याआधी ऑफिसात एकदा लॉगिन कराच. पासवर्डही ऑफिसात किंवा व्हीपीएन चालू असताना बदला. नाहीतर लॅपटॉप जुना पासवर्ड मागतो आणि मेल नवा.

घरच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर किंवा प्रिंटर हवाय? फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्या कॉम्प्युटरचं नाव किंवा आयपी टाका. तो नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा ऑफिसचा नाही, त्या कॉम्प्युटरवरचा द्या. त्या खात्याला पासवर्ड हवाच. कोरा असेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. घरचं वायफाय 'प्रायव्हेट' ठेवा, कॅफेतलं 'पब्लिक'.

ऑफिसात आयपी हाताने टाकलेला असेल तर घरी इंटरनेट रुसतं. तिथे डोमेनला हात न लावता आयपी आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिक'वर न्या. त्याआधी मात्र आयटीला विचारा. लॅपटॉप त्यांचा आहे, घरी काय जोडायचं तेही त्यांनाच विचारायचं. मी त्या रात्री एक मेसेज टाकला असता, तर ती पहाटेची लोकल वाचली असती.

तुमचाही असा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, ओके दाबण्याआधी वाचा!