मेंदूतलं डावं-उजवं



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. चार वर्षांचं पोर. खिचडीला त्यानं डावा हात लावला आणि आजींनी हातावर फटका मारला. म्हणाल्या, "किती सांगितलं तरी ऐकत नाही. याला वळण कसं लावायचं?" पोर रडलं, ताट तसंच राहिलं. आमच्यातल्या दोघींनी लहानपणी असेच फटके खाल्लेत. म्हणून आज डाव्या-उजव्याबद्दल बोलू. सुरुवात करू एका माशापासून.

झेब्रा मासा हा आपल्याच देशातला. ओढ्यात, भातखाचरात राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याची नोंद १८२२ साली छापली गेली. आज जगभरातल्या प्रयोगशाळा हा मासा पाळतात. त्याची अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात आणि काचेसारखी आरपार दिसतात. आत काय घडतंय ते सूक्ष्मदर्शकातून थेट बघता येतं.

पहिल्या दिवशीच गर्भाच्या शेपटीकडे पाण्याची एक इवलीशी पिशवी तयार होते. तिच्यात केसासारखे बारीक तंतू असतात आणि ते गरागरा फिरतात. पातेल्यात पळी एकाच अंगानं फिरवली की वरण त्याच अंगानं फिरतं ना, तसंच पिशवीतलं पाणीही एका दिशेनं वाहतं. त्यावरून शरीराला डावी बाजू कळते. मग डावीकडे 'नोडल' नावाचा निरोप सुटतो आणि तो मेंदूपर्यंत जातो.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या मध्यावरचा पेशींचा एक छोटा पुंजका डावीकडे सरकतो. तिथे 'हॅबेन्यूला' नावाचा भाग असतो, एक डावा, एक उजवा. पुंजका जवळ आला की डावा भाग उजव्यापेक्षा वेगळा वाढतो. शास्त्रज्ञांनी पुंजका काढून टाकला, तेव्हा डावा भागही उजव्यासारखाच झाला. नोडलचा निरोप बंद केला, तेव्हा दोन बाजूंतला फरक राहिला, पण कुठल्या माशात तो डावीकडे, कुठल्यात उजवीकडे.

हा फरक फार जुना आहे. मुशीच्या कुळातल्या युरोपातल्या एका माशातही तो आहे, जबडा नसलेल्या लॅम्प्रेमध्येही आहे. या माशांचे पूर्वज ४० कोटी वर्षांहून आधीच वेगळे झाले. मात्र त्या दोघांत निरोप बंद केला की दोन्ही बाजू सारख्याच होतात. म्हणजे फरक टिकला, तो घडवायची रीत बदलत गेली.

इतकी वर्षं तो टिकला, त्याचा उपयोग काय? इटलीतल्या पादुआच्या अभ्यासकांनी क्युबातल्या एका छोट्या माशावर प्रयोग केला. काही माशांच्या दोन बाजूंची कामं स्पष्ट वाटलेली होती, काहींची नव्हती. शत्रू समोर दिसत असताना कामं वाटलेल्या माशांनी भक्ष्य लवकर पकडलं. शत्रू नसताना दोघं सारखेच. आपणही एक कान पाळण्याकडे ठेवून भाकरी थापतोच की!

माशाला हात नाहीत. त्याच्या मेंदूवरून आपल्या हातांचं सगळं कोडं सुटत नाही. पण एक गोष्ट आपल्यातही दिसते, की सुरुवात गर्भात होते. सोनोग्राफीत बाळ अंगठा चोखताना दिसतं, तेव्हाच त्याचा कल एका हाताकडे असतो. पुढे बहुतेकांचा तोच हात चालतो. शंभरात दहाएक माणसं डावखुरी असतात. हा दोष नव्हे, हट्ट नव्हे आणि आईच्या वळणाची चूक तर नव्हेच.

आजींना आम्ही हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग प्रसाद कुठल्या हातानं घ्यायचा?" आम्ही म्हणालो, "दोन्ही हातांची ओंजळ करून घेऊ द्या." आजी हसल्या. पोरानं डाव्या हातानं खिचडी संपवली.

मैत्रिणींनो, घरात कुणी डावखुरं असेल तर हात बांधू नका, चटका देऊ नका, शाळेतही बाईंना तसं सांगा. लेकरांमध्ये डावं-उजवं करू नये असं आपण म्हणतो. त्यांच्या हातांमध्येही नको.