प्रतिष्ठेच्या नावाखाली स्त्रीहत्या : सामाजिक आणि कायदेशीर मुळे

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामीण भागातील शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

अब्रू या एका शब्दाभोवती मराठी भाषेत कितीतरी वाक्प्रचार जमा झाले आहेत. अब्रू राहते, जाते, चव्हाट्यावर येते, वेशीवर टांगली जाते. 'बाईची अब्रू काचेचे भांडे' ही म्हण तर प्रत्येक घरात मुलीच्या कानावर पडते. मात्र घरातील पुरुषाने कर्ज बुडविले, दारूपायी जमीन घालविली, तरी घराण्याचे नाक सहसा कापले जात नाही. मुलीने आपल्या पसंतीने जोडीदार निवडला की ते तत्काळ कापले जाते. घराची सारी प्रतिष्ठा स्त्रीच्या देहावर आणि तिच्या विवाहावर टांगून ठेवणारी ही समजूत जेव्हा हाती शस्त्र घेते, तेव्हा जो गुन्हा घडतो त्याला 'प्रतिष्ठेसाठी हत्या' असे नाव दिले जाते. या नावातच गुन्हेगाराची बाजू मांडलेली असते. वस्तुतः तो खून आहे, आणि त्याच्या मुळाशी प्रतिष्ठा नसून स्त्रीवरील मालकीची भावना आहे.

इतर खुनांहून हा खून एका बाबतीत वेगळा असतो. सामान्य गुन्हेगार आपले कृत्य सर्वांपासून लपवितो. येथे ते पोलिसांपासून लपविले जाते. भाऊबंदांपासून लपविण्याची गरज मानली जात नाही, कारण ते त्यांनाच दाखविण्यासाठी केलेले असते. मारणारा बहुधा बाप, भाऊ किंवा चुलता असतो. त्याच्यामागे घरात झालेली बैठक असते, नातलगांचे टोमणे असतात, 'तोंड दाखवायला जागा उरली नाही' हे पालुपद असते. कित्येकदा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियाही या निर्णयात सामील असतात.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मादक द्रव्ये व गुन्हेविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुली हेतुपुरस्सर मारल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ५१,१००, म्हणजे शंभरांतील साठ, जणींचा जीव पतीने, जोडीदाराने किंवा कुटुंबातील व्यक्तीने घेतला. या सर्वच हत्या प्रतिष्ठेच्या नावाने झाल्या असे नव्हे. परंतु स्त्रीला सर्वांत मोठा धोका परक्यांकडून असतो, हा समज किती चुकीचा आहे, हे या आकड्यांवरून दिसते. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०१४ पासून अशा हत्यांची वेगळी नोंद सुरू केली. तथापि, ज्या मृत्यूंची नोंद आत्महत्या, सर्पदंश किंवा अपघात म्हणून होते, ते या नोंदीत येत नाहीत.

मुळे समाजरचनेत

या हिंसेचे मूळ शोधताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका निबंधाकडे वळावे लागते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' या विषयावर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याचा नियम हेच जातीचे सार आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. जात टिकवायची तर विवाहावर पहारा हवा आणि तो पहारा मुख्यत्वे स्त्रीवर बसतो. सतीची चाल, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींची उपपत्ती त्यांनी याच नियमातून लावली. उत्तरेकडील खाप पंचायतींचा सगोत्र विवाहाला विरोध असो की आपल्याकडील जात पंचायतींचा आंतरजातीय विवाहाला विरोध असो, दोहोंच्या मुळाशी हाच पहारा आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात विधवेला दिवस गेले तर घराण्याच्या अब्रूसाठी तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जात : स्वतःचा जीव देणे किंवा अर्भकाचा घेणे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते यासाठीच. १८८१ साली सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. अब्रूचा नियम पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरा का, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. देशभरातील हिंदूंच्या भिन्नजातीय विवाहांना निःसंदिग्ध वैधता मिळण्यास त्यानंतर १९४९ साल उजाडावे लागले.

कायद्याने दिलेली सूट

अशा हिंसेसाठी केवळ रूढीला बोल लावून भागत नाही. शतकानुशतके कायदाही या रूढीचा पाठीराखा होता. ख्रिस्तपूर्व १८ च्या सुमारास रोमन सम्राट ऑगस्टसने केलेल्या कायद्याने, आपल्या घरात व्यभिचार करताना सापडलेल्या मुलीला ठार मारण्याचा अधिकार काही अटींवर बापाला दिला होता. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेत, राहत्या घरी व्यभिचार करताना पकडलेल्या पत्नीला मारणाऱ्या पतीचे कृत्य क्षम्य ठरविणारे कलम होते. ते १९७५ साली रद्द झाले. हीच तरतूद ओटोमन साम्राज्याच्या १८५८ च्या संहितेतून पश्चिम आशियातील अनेक देशांच्या कायद्यांत उतरली. इटलीत पत्नी, मुलगी किंवा बहीण हिला 'अब्रूसाठी' मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांचीच शिक्षा ठेवणारे कलम १९८१ पर्यंत अस्तित्वात होते. तेव्हा हा रोग एखाद्या धर्माचा किंवा एखाद्या खंडाचा आहे, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही.

पाकिस्तानात १९९० पासूनच्या तरतुदींनुसार मृताचे वारस खुन्याला क्षमा करू शकत. भावाने बहिणीला मारावे आणि बापाने मुलाला क्षमा करावी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होत असे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा हत्येत क्षमा मिळाली तरी जन्मठेप अटळ करण्यात आली. ब्राझीलमध्ये 'अब्रूचे संरक्षण' हा आरोपीचा बचाव घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

भारतीय कायद्यात बापाला किंवा भावाला अशी उघड सूट नव्हती. तथापि, १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ अन्वये व्यभिचार हा पतीविरुद्धचा गुन्हा होता आणि पतीची संमती असल्यास तो गुन्हाच ठरत नसे. पत्नीला पतीची मालमत्ता मानणारे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' हा खुनाच्या व्याख्येतील अपवाद मात्र १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. त्याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली नानावटी खटल्यात आखून दिली : राग शांत होण्यास वेळ मिळाल्यावर योजनापूर्वक केलेल्या कृत्याला या अपवादाचा लाभ मिळत नाही. घरात बैठक घेऊन, मुलीला गोड बोलून माहेरी आणून केलेला खून आकस्मिक कसा म्हणता येईल?

न्यायालयांची भूमिका

सज्ञान स्त्री-पुरुषांना आपला जोडीदार निवडण्याचा अधिकार आहे आणि आंतरजातीय विवाह करणाऱ्यांना त्रास देणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंह खटल्यात स्पष्ट केले. विधी आयोगाने २०१२ साली आपल्या २४२ व्या अहवालात विवाहस्वातंत्र्यातील हस्तक्षेप रोखण्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचविला. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची, जमातीची किंवा कुळाची संमती आवश्यक नाही, असा निर्वाळा दिला. त्याच निर्णयात शासनयंत्रणेला सविस्तर निर्देश दिले : मागील पाच वर्षांत असे प्रकार घडलेली गावे शोधावीत, प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा असावी, धोक्यातील जोडप्यांसाठी सुरक्षित निवासाची सोय करावी आणि खटले जलदगती न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत. या कामात हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई करावी, असेही न्यायालयाने बजाविले.

हा शेवटचा निर्देश उगाच दिलेला नाही. हरियाणात २००७ साली सगोत्र विवाह केलेल्या एका जोडप्याला न्यायालयाच्या आदेशाने पोलीस संरक्षण मिळाले होते. पोलिसांनी त्यांची साथ वाटेतच सोडली आणि दोघांचाही खून झाला.

महाराष्ट्रात २०१३ साली नाशिक येथे आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीचा पित्यानेच जीव घेतल्याची घटना घडली. त्यानंतर जात पंचायतींविरुद्ध मोठे जनमत जागे झाले. विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा एकमताने संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अंमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बहिष्काराची धमकी हीच पुष्कळदा बापाच्या हाती शस्त्र देते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कायद्याचे महत्त्व कळते.

गावपातळीवरील कर्तव्य

हत्या एका दिवशी घडत नाही. तिच्या खुणा आधीपासून दिसू लागतात. हुशार मुलीचे नाव अकस्मात शाळेतून काढले जाते, तिला मामाकडे धाडले जाते, तिचा मोबाईल काढून घेतला जातो, घाईघाईने स्थळ पाहिले जाते. या खुणा सर्वांत आधी शिक्षकाला दिसतात. हजेरीपटावरील गैरहजेरीचे कारण विचारणे हे त्याचे कामच आहे. मुलगी अज्ञान असेल तर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला, सज्ञान असेल आणि घरात छळ होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याला कळविता येते. महिला हेल्पलाईन १८१ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक वर्गातील फळ्यावर लिहिले तरी ते मुलींच्या लक्षात राहतील.

विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाहाची तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते. हरकत घेण्याची कारणे कायद्याने ठरविलेली आहेत : वय, आधीचा विवाह, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते. जात किंवा आईबापांची नापसंती ही हरकत होऊ शकत नाही. आईबापांना परस्पर कळविण्याचे बंधनही कायद्याने घातलेले नाही. ओळखीपोटी केलेला एखादा दूरध्वनी कुणाच्या जिवावर बेतू शकतो, याची जाणीव लिपिकापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांनी ठेवली पाहिजे.

तरुण मुलीचा अचानक मृत्यू व्हावा आणि अंत्यसंस्कार रातोरात उरकले जावेत, अशी घटना कानी येताच पोलीस पाटलाने ती तत्काळ ठाण्याला कळविली पाहिजे. पालकांच्या संमतीविना विवाह करण्यास मनाई करणारा ठराव ग्रामसभेपुढे आला तर तो बेकायदेशीर आहे, असे ग्रामसेवकाने इतिवृत्तात स्पष्ट नोंदवावे. बैठकीत बसून हत्येला चिथावणी देणारा पंच हा स्वतः शस्त्र न उचलताही आरोपी होऊ शकतो, हे सरपंचाने गावाला सांगावे.

प्रतिष्ठा ही कोणी स्वतःची स्वतःला देऊ शकत नाही. ती चार लोकांनी द्यावयाची असते. ज्या चार लोकांच्या भीतीने बाप मुलीच्या जिवावर उठतो, त्यांत गावचा सरपंच असतो, मुख्याध्यापक असतो, ग्रामसेवक असतो. त्यांनीच अशा विवाहाला आवर्जून हजर राहून अक्षता टाकल्या आणि मुलीच्या बापाला चारचौघांत मानाने शेजारी बसवून घेतले, तर त्या घराचे नाक कापले गेले असे म्हणण्याची गावात कोणाची छाती होणार नाही. गुन्हा घडल्यावर कायदा शिक्षा देतो. तो घडण्यापूर्वी त्या बापाच्या मनातील भीती काढून टाकणे मात्र या चार लोकांच्याच हाती आहे.