जाळ्याचा आस आणि गळाचा दोर
(भाषणाचा मजकूर)



मासेमारीला निघणाऱ्याने घर सोडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे ठरवावयाची असतात : मासा कोणता, पाणी कसे आणि ऋतू कोणता. या तीन उत्तरांवर साधन ठरते. कोकणातील मच्छीमार हे शास्त्र कोणत्याही पुस्तकाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे. परंतु आज या तिहींच्या जोडीला एक चौथा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. कोणता मासा धरावयाचा नाही, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर समुद्रावर देता येत नाही. ते किनाऱ्यावर, जाळे विणताना किंवा विकत घेताना द्यावे लागते.

पाण्याप्रमाणे साधन

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनारा एकच असला, तरी साधने एक नाहीत. याचे मूळ भरती-ओहोटीत आहे. मुंबईला उधाणाच्या मोठ्या भरतीची उंची पाच मीटरच्या आसपास जाते. उत्तरेकडे खंबायतच्या आखाताजवळ ती आणखी वाढते, तर मालवणकडे ती बरीच कमी असते. जेथे भरती मोठी, तेथे पाण्याची ओढ मोठी. या ओढीचाच उपयोग करून घेणारे डोल जाळे म्हणूनच उत्तर कोकणात रुजले. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना हे नरसाळ्याच्या आकाराचे जाळे बांधतात आणि ओढीबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, करंदी त्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, साठतात. भांगाच्या दिवसांत ओढ मंदावली की डोल निरुपयोगी ठरते आणि होड्या किनाऱ्याला विसावतात.

दक्षिणेकडे वाळूचे सपाट किनारे आणि सौम्य ओढ. तेथे किनाऱ्याजवळ आलेल्या माशांच्या थव्याभोवती अर्धवर्तुळाकार जाळे टाकून दोन्ही टोकांनी ते ओढून घेण्याची पद्धत, म्हणजे रापण, वाढली. या कामाला बरेच हात लागतात आणि मिळकतीचे वाटे पडतात. म्हणून रापण हे केवळ साधन नव्हे, तर गावाची एक सहकारी व्यवस्थाच होय. खडकाळ तळावर मात्र कोणतेही जाळे फाटते. तेथे गोबरा, तांबोशी यांसारख्या माशांसाठी गळच उपयोगी पडतो. उथळ खाडीत एकट्या माणसाला पाग पुरेसा होतो.

दोराची निवड

एके काळी जाळी सुताची व सणाची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत आणि वरचेवर वाळवीत. नायलॉन आले आणि हा खटाटोप संपला. गळासाठी वापरावयाचा एकपदरी नायलॉनचा दोर कोकणात तंगूस या नावाने ओळखला जातो.

तंगूस निवडताना जाडीचा विचार प्रथम येतो. दोराची जाडी दुप्पट झाली की ताकद सुमारे चौपट होते. परंतु जाड दोर माशाला दिसतो आणि ओढीत अधिक वाहवतो. यास्तव स्वच्छ व संथ पाण्यात बारीक दोर घ्यावा. पावसाळ्यानंतरच्या खाडीच्या गढूळ पाण्यात जाड दोर चालतो. ओढ जोराची असेल तर दोर जाड करण्याऐवजी शिसे वाढविणे अधिक शहाणपणाचे.

माशाच्या अंगचे हत्यारही ध्यानात घ्यावे लागते. सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून तिच्यासाठी गळाला लागून हातभर पोलादी तार बांधतात. रायगडच्या खाड्यांत मिळणाऱ्या जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते; त्याच्यासाठी गळाजवळचा दोर अधिक जाड असावा लागतो.

दोर बहुधा तुटतो तो गाठीशी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापते व दुबळे होते. म्हणून गाठ ओली करून सावकाश आवळावी. नायलॉन पाण्यात थोडी ताकद गमावते व उन्हात त्याचा कस उतरतो. वापरानंतर दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवला, तर तो अधिक काळ टिकतो.

आस कोणाला सोडतो?

जाळ्याच्या विणीतील डोळ्याचे माप म्हणजे आस. पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यात मासा डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. डोळ्याहून बारीक मासा निसटतो. फार मोठ्या माशाचे डोकेच आत शिरत नाही. म्हणजे आस निवडणे याचा अर्थ माशाचे वय निवडणे. योग्य आसाचे जाळे एकदाही न व्यालेल्या माशाला वाट देते. बारीक आसाचे जाळे ही वाट बंद करते.

पापलेटचे उदाहरण बोलके आहे. सातपाटीचा मच्छीमार मोठ्या आसाच्या जाळ्याने पूर्ण वाढीचे पापलेट धरण्यासाठी नावाजलेला. परंतु तेच पापलेट लहान असताना बारीक खोल्याच्या डोलीत आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यात सापडते. तळहातात मावणाऱ्या या पिलांना बाजारात किंमत नाही. वाढू दिली असती, तर तीच घरात चार पैसे आणती. येथे दोष एका गावाचा नव्हे. जवळा धरावयाचा तर खोला बारीकच हवा, ही डोलीवाल्याचीही अडचण खरी आहे. म्हणून पिले ज्या दिवसांत व ज्या पट्ट्यात अधिक येतात, त्या वेळी व तेथे जाळे न लावण्याचे गावागावांनी मिळून ठरविणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

ट्रॉल जाळ्याच्या बाबतीत उपाय अधिक सोपा आहे. नेहमीच्या विणीचे डोळे ताण पडताच मिटतात आणि पिले आत कोंडली जातात. चौकोनी विणीचा खोला ताणाखालीही उघडा राहतो. गळाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. लहान तोंडाच्या पिलाला गिळता येणार नाही एवढा मोठा गळ घेतला, तर पुढचा प्रश्नच उद्भवत नाही. वर्तुळाकार वळलेला गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, पोटात जात नाही. त्यामुळे नको असलेला मासा जिवंत सोडता येतो.

न कुजणारा धागा

नायलॉनचा जो गुण, तोच त्याचा दोष. हरवलेले सुती जाळे काही काळाने कुजून जाई. हरवलेले नायलॉनचे जाळे मालकाशिवाय मासे मारीत राहते. कासवेही त्यात अडकतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ज्या कासवांची अंडी लोक जिवापाड जपतात, त्यांच्याच जिवावर तुटके जाळे उठते. संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली घेतला. ही माहिती प्रत्येक बंदरावर पोहोचणे आवश्यक आहे. फाटके जाळे पाण्यात न टाकता किनाऱ्यावर परत आणण्याची सवयही तेवढीच आवश्यक आहे.

कायदा आणि गाव

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंडाच्या रकमा वाढल्या. २०२३ साली राज्याने पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मि.मी., तर बोंबलासाठी १८० मि.मी. आहे. परंतु मोजपट्टी मासा बाहेर आल्यावर लागते; तोपर्यंत तो बहुधा मेलेला असतो. आस मात्र पाण्यातच न्याय करतो.

हा विषय केवळ किनाऱ्याचा नाही. मृगाच्या पावसात ओढ्या-नाल्यांतून अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे वर येतात आणि अनेक गावांत नेमक्या त्याच वेळी मच्छरदाणीचे कापड आडवे लावून ते सरसकट धरले जातात. सुरुंग व विष यांच्या वापरास तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली होती. ओढ्याच्या काठी रोज अधिकारी उभा करता येत नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र उभा राहू शकतो : चढणीच्या दिवसांत अमुक ओढा मोकळा राहील, आणि तलावाचा ठेका देताना जाळ्याचा किमान आस करारात नमूद होईल. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या सभेत हा ठराव वाचला गेला, तर त्याचे बळ वाढते.

शिक्षकांचे काम यापेक्षाही मूलगामी आहे. पट्टी आणि जाळ्याचा एक तुकडा एवढ्या साहित्यावर आसाचा पाठ वर्गात घेता येतो. डोळ्यातून कोणता मासा निसटेल हे मुलांनी स्वतः मोजून पाहिले, तर घरी जाळे शिवायला बसलेल्या वडिलांना ती तोच प्रश्न विचारतील.

जाळे किती मासे धरते, यावर आजवर त्याची किंमत ठरत आली. ते कोणाला सोडते, हेही यापुढे पाहावे लागेल. आज आसातून निसटलेले पापलेटचे पिलू पुढच्या हंगामात वाढून त्याच दर्यात असेल, आणि ते धरण्याचा हक्कही त्याच गावाचा असेल.